सड्याच्या वळणावरचा आरसा

माझ्यात पाहून कोणी कधी भांग पाडला नाही. मी रस्त्यावरचा आरसा आहे, मित्रांनो, आणि आता जुना झालो आहे. माझी नारिंगी कड ऊन खाऊन फिकट पडली आहे आणि एका बाजूला तडा गेला आहे. एके काळी मी रत्नागिरी शहराच्या कडेला, सड्यावर म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, फुटबॉल स्टेडियमजवळच्या वळणावर उभा होतो. आता चंपाच्या पडवीच्या खांबाला टांगलेला आहे. तिथून इथे मी कसा आलो, ते सांगतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. मी काचेचा नाही, प्लास्टिकचा आहे. एक सपाट, पारदर्शक पत्रा तापवून मऊ केला, खालून हवा सोडली आणि मी पुरीसारखा फुगलो. मग माझ्या पाठीवर ॲल्युमिनियमचा अगदी पातळ थर चढवला. फुगीर असल्यामुळे मला वळणाच्या दोन्ही बाजू एकदम दिसतात. पण त्याची एक किंमत आहे. माझ्यात प्रत्येक गोष्ट आहे त्यापेक्षा लहान दिसते, आणि म्हणून आहे त्यापेक्षा लांब वाटते. हा माझा लबाडपणा नव्हे, माझ्या आकाराचा नियम आहे. नवखा माणूस मला पाहून फसतो. रोजचा माणूस शिकतो.

ते वळण वाईट होते. एका अंगाला जांभा दगड कापून केलेली उंच दरड, दुसऱ्या अंगाला स्टेडियमची भिंत. वरून शहरातल्या गाड्या येत, खालून वाडीतल्या. समोरासमोर येईपर्यंत कोणाला कोणी दिसत नसे. मला तिथे आणले रावजींनी. रावजी तरुणपणी इथल्या फुटबॉल क्लबचे गोलकीपर होते, पुढे क्लबचे अध्यक्ष झाले. वाडीच्या पालखीचे मानकरीही तेच. मला खांबावर बसवले त्या दिवशी त्यांनी खांबाशी नारळ फोडला, कुंकू लावले आणि सर्वांना म्हणाले, आता या वळणावर कोणाचे वाईट होणार नाही. ते मनापासून म्हणाले होते. मित्रांनो, पुढचे ऐकताना हेही लक्षात असू द्या.

चंपाचे घर वळणाला लागूनच, आणि तिची चहाची टपरी रस्त्यापलीकडे, स्टेडियमच्या फाटकाशी. लग्नानंतर आलेल्या एका तापात तिचे कान गेले होते. ती बोलायची नीट, पण तिला ऐकू काही येत नसे. लोकांच्या ओठांकडे पाहून ती बोलणे ओळखायची. किटली, दुधाचा कॅन, कपांची पाटी घेऊन दिवसातून कितीतरी वेळा तिला रस्ता ओलांडावा लागे. दुसऱ्यांना हॉर्न ऐकू येतो. तिच्यासाठी हॉर्न म्हणजे मी.

तिने मला वाचायची स्वतःची रीत बसवली होती. माझ्यात गाडी वेलचीएवढी दिसली तर खुशाल जायचे. काडेपेटीएवढी दिसली तर पाऊल उचलायचे नाही. ही रीत कधी चुकली नाही.

समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याने माझ्यावर मिठाचा थर बसे, पावसाळ्यात शेवाळ धरे. चंपा आधी माझ्यावर पाणी मारायची आणि मग बांबूला बांधलेल्या मऊ कापडाने पुसायची. कोरडे पुसले तर धुळीने मला ओरखडे पडतात, हे तिला पहिल्याच वर्षी समजले होते. खेळाडू पोरे तिची मजा करत. पाठीमागून हळूच येऊन कानाशी शिट्टी फुंकत. तिने त्यांना माझ्यात आधीच पाहिलेले असे. मागे न वळता ती म्हणायची, "रितेश, फुंकायला एवढा दम आहे, तर पळायला का नाय रे?" मग माझ्या खांबाखालच्या कट्ट्यावर हशा पिके. हा रितेश क्लबचा सेक्रेटरी होता, आणि मैदानात खरेच फार पळत नसे.

ती माझी सुखाची वर्षे.

आता तुम्हाला आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. शिमग्यात देवाची पालखी वाडीतून निघते, घरोघर जाते, आणि जाताना या वळणावरून जाते. मला बसवल्यानंतरच्या पहिल्या शिमग्यात कोणा म्हाताऱ्याने पालखी माझ्यात पाहिली. ती त्याला इवलीशी दिसली. त्याच्या मनाला ते फार लागले. देव काय एवढासा असतो काय, असे म्हणत तो तिथेच बसून राहिला. तेव्हापासून पालखी येण्याआधी रावजी शिडी लावून माझ्यावर लाल फडके बांधत आणि पालखी पुढे गेली की सोडत. ते मानाचे फडके. त्याला मानकऱ्याशिवाय कोणी हात लावायचा नाही.

एका वर्षी स्टेडियमशेजारच्या मोकळ्या जागेत फलक लागला. तिथे सुपरमार्केट होणार होते. त्या कंपनीची इथली कामे राजेंद्र नावाचे गृहस्थ पाहत. पांढरा शर्ट, गोड बोलणे आणि कधीही न चिडणारा चेहरा. ते चंपाच्याच टपरीवर चहा पीत आणि चांगला झाला म्हणून सांगत.

क्लबची झोप उडाली. सामन्याच्या दिवशी सगळ्या गाड्या त्याच मोकळ्या जागेत उभ्या राहत. ती जागा गेली तर गाड्या रस्त्यावर येणार. सुपरमार्केटच्या गिऱ्हाइकांच्या गाड्या, त्यात सामन्याच्या गाड्या, आणि वळणावरच मालाचे ट्रक मागे घेण्याचे फाटक. रुग्णवाहिका तरी मैदानापर्यंत कशी पोहोचेल, हा प्रश्न त्यांनी अर्जात विचारला, आणि तो अगदी योग्य होता. चंपाच्या टपरीचे काय, हेही त्यांनी लिहिले होते. एका अपंग बाईच्या पोटावर पाय येतो असे वाक्य घातले की अर्जाला वजन येते, असे रितेश म्हणाला. चंपाला कोणी विचारले नव्हते.

शिमगा चालू असतानाच कंपनीचा नकाशा क्लबच्या हाती आला. माझ्या खांबाखालच्या कट्ट्यावर सगळे जमले. रितेशने नकाशा वाचला. वळण धोक्याचे आहे या हरकतीला कंपनीने उत्तर दिले होते. वळणावर आरसा आहे, सबब समोरचे पुरेसे दिसते.

"म्हणजे आपलाच आरसा त्यांच्या बाजूने बोलतोय," रितेश म्हणाला.

परवानगी देणारे सरकारी साहेब पाहणीला कधी येणार, असे रावजींनी विचारले. पालखी वळणावरून जाईल, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, असे रितेशने सांगितले.

त्याने वर माझ्याकडे पाहिले. मग म्हणाला, "रावजीकाका, पालखी गेल्यावर फडकं काढायलाच पाहिजे असं कुठं आहे? राहू दे की एक दिवस. साहेब येऊदेत, वळण कसं आंधळं आहे ते बघूदेत. देवाचं फडकं. कोण विचारणार?"

रावजींनी पहिल्यांदा नाही म्हटले. ते मैदानाकडे पाहत राहिले. त्या मैदानावर त्यांची सगळी उमर गेली होती. शेवटी ते म्हणाले, "साहेब गेले की लगेच काढायचं पण."

चंपा समोर टपरीवर कप विसळत होती. तिची पाठ कट्ट्याकडे होती, म्हणून तिला काही कळले नाही. बाकी सगळ्यांना कळले होते.

पालखी आली, ढोल वाजले, मी लाल अंधारात गेलो. पालखी पुढे गेली, आवाज विरत गेला, तरी अंधार तसाच राहिला. मग खालून चंपाचा आवाज आला.

"रावजीदा, फडकं राहिलं हो."

"राहू दे गो. उद्या काढतो."

"आणि सकाळी मी ओलांडू कशी?"

"मी उभा राहतो ना, काकी," रितेश म्हणाला. "हात वर केला की ये."

"गोलाची दिशा चुकतोस तू. माझी नाय ना चुकणार?"

"नाय चुकणार."

सगळे हसले. तीही हसली.

ते गेल्यावर तिचा बांबू मला टेकला. फडक्याच्या गाठीखाली त्याचे टोक आले. एक झटका दिला असता तर मी मोकळा झालो असतो. पण टोक हळूच खाली गेले. मग बांगड्या वाजल्या. तिने हात जोडले असावेत. देवाच्या फडक्याला बांबू लावला म्हणून ती माफी मागत होती.

सकाळी रितेश खरेच आला. त्याने हात दाखवला असावा, कारण चंपाच्या चपला एकदा स्टोव्ह पेटवायला पलीकडे गेल्या. पुन्हा दाखवला असावा, कारण ती दुधासाठी घरी परतली. मग त्याचा फोन वाजला. साहेबांची गाडी वरच्या फाटकाशी आली होती. तो धावत गेला. धावताना त्याने तिला हाक मारून सांगितले की थांब. हाक मारून, मित्रांनो. तिला.

"रितेश, येऊ काय?" तिचा आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा आला. स्टोव्हवर पाणी उकळत होते आणि साहेबांसाठी चहा तिलाच सांगितला होता. मग चपलांचा आवाज रस्त्यावर आला.

वरून टेम्पो उतरत होता. साहेबांना बसायला क्लबने मागवलेल्या खुर्च्या त्यात होत्या. खुर्च्यांचा खडखडाट मला लांबून ऐकू येत होता. चालक नेमाने वागणारा होता. वळणावर त्याने हॉर्न दिला, दोनदा दिला. वाडीतल्या कोंबड्यासुद्धा बाजूला झाल्या असतील.

नंतर ब्रेक लागला. दुधाचा कॅन उतारावरून घरंगळत खाली गेला, आणि बराच वेळ त्याचा आवाज येत राहिला.

माणसे धावली. शिडी माझ्या खांबाला टेकली. फडके सुटले आणि एकदम उजेड झाला. पहिली प्रतिमा रावजींच्या चेहऱ्याची पडली. माझ्या इतक्या जवळ आलेला चेहरा मला पुरा व्यापतो आणि वाकडा दिसतो. नाक पुढे आलेले, डोळे कडेला ओढलेले. त्यांच्या कानामागे, खाली रस्त्यावर, पांढऱ्या दुधाच्या ओघळाशेजारी चंपा पडली होती. वेलचीएवढी.

रावजींनी फडक्याची घडी केली, कपाळाला लावली आणि सदऱ्याच्या आत घातली. ती जखमी पडली असताना ते आधी शिडी चढले होते. देवाचे नाव पंचनाम्यात नको, असे त्यांना वाटले असेल. मग खाली उतरून त्यांनी तिला उचलायला हात लावला. ते रडत होते. खरेच रडत होते.

तिला रिक्षात घालून नेले आणि पाहणी सुरू झाली. साहेबांनी वर पाहिले.

"आरसा तर आहे की."

"आहे ना साहेब," राजेंद्र म्हणाले. "बघा किती स्वच्छ आहे."

मी स्वच्छ होतो, कारण पालखीच्या सकाळी चंपाने मला धुतले होते.

रितेशने तोंड उघडले. आरशावर फडके होते असे म्हटले तर ते कोणी ठेवले, हे सांगावे लागले असते. त्याने तोंड मिटले. साहेबांनी विचारले, बाईंना दिसत नाही का? राजेंद्र म्हणाले, दिसते, पण ऐकू येत नाही. साहेबांनी क्लबकडे पाहिले.

"अजिबात ऐकू येत नाय, साहेब," रावजी म्हणाले.

इतक्या महिन्यांत दोन्ही बाजू पहिल्यांदाच एका मताच्या झाल्या. अहवालात आले ते असे. वळणावर आरसा आहे, चालकाने हॉर्न दिला होता, अपघात पादचारी बाईच्या व्यंगामुळे झाला, रस्त्याचा दोष नाही. सुपरमार्केटला परवानगी मिळाली. दोन अटी घातल्या. आरसा आणखी मोठा बसवावा, आणि नजरेच्या आड येणारी चहाची टपरी काढावी.

ज्या मैदानासाठी ते खोटे बोलले, ते त्या खोट्यानेच हरले. पण त्यावर त्यांना एकमेकांशीही बोलता येईना.

चंपाचा पाय वाचला, गुडघा कायमचा ताठ झाला. कुबडी घेऊन घरी आल्यावर ती भेटेल त्याला सांगू लागली की आरशावर फडके होते. रावजींनी सांगितले, पालखी गेल्याबरोबर मी ते काढले. सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणी म्हणाले, डोक्याला मार बसला असेल. कोणी म्हणाले, कंपनीकडून काही मिळेल म्हणून सांगत असेल. हे बोलताना ते तोंड दुसरीकडे फिरवत, म्हणजे तिला ओठ दिसू नयेत. एवढी काळजी मात्र सर्वांनी घेतली.

मी सगळे जाणत होतो. पण पुढे शाळेत तुम्हाला शिकवतील की माझ्यासारख्या आरशातली प्रतिमा आभासी असते. ती पडद्यावर धरता येत नाही, कागदावर उतरत नाही. समोरचे हलले की माझ्यात काही उरत नाही. माझ्यासारखा साक्षीदार खोटे बोलणाऱ्यांना फार सोयीचा असतो.

मला काढायला कामगार आले. त्यांनी मला वरूनच खाली टाकले, तेव्हा हा तडा गेला. ते मला कचऱ्यात घालणार होते. चंपा कुबडी टेकत आली आणि तिने मला मागून घेतले. भाच्याकडून पडवीच्या खांबाला बांधून घेतले. दारात कोण येते ते तिला आता माझ्यात दिसते. फार कोणी येत नाही.

सुपरमार्केट उभे राहिले. अर्जात लिहिलेले एकूणएक खरे झाले. रस्त्याच्या दोन्ही कडांना गाड्या लागतात. सामन्याच्या दिवशी त्या चंपाच्या अंगणाच्या तोंडापर्यंत येतात. ट्रक मागे घेताना पीक-पीक असा आवाज करतात, तो तिच्या काही कामाचा नाही. ती आता रस्ता ओलांडत नाही.

पुन्हा शिमगा आला. आमच्याकडे पालखी दारात बसली की घरच्या बाईने ओटी भरायची आणि मनातले सांगायचे. मानकऱ्याने ते देवापुढे मोठ्याने गाऱ्हाण्यात घालायचे, आणि जमलेल्या सगळ्यांनी 'व्हय महाराजा' म्हणायचे. घरच्याने सांगितलेले गाऱ्हाणे मानकरी नाकारत नाही. चंपाने आधीच सांगून ठेवले होते. पालखी माझ्या दारात आली की मी एकच सांगणार, त्या सकाळी आरशावर फडके होते. रावजीदाच्या तोंडून देवाला कळू दे. आणि वाडीने 'व्हय' म्हणू दे. तिला दुसरे काही नको होते.

तिने अंगण सारवले. ताठ पायाने बसता येत नाही, म्हणून उभ्यानेच रांगोळीची पूड सोडली. ताटात नारळ, तांदूळ, खण ठेवून ती पायरीशी उभी राहिली. मी तिच्या डोक्यापाशीच होतो.

पालखी वळणावर आली. नव्या आरशावरही लाल फडके होते. पालखी पुढे सरकताच रावजींनी ते लगेच सोडले. यंदा अजिबात उशीर केला नाही. मग त्यांनी चंपाच्या अंगणाकडे पाहिले. तोंडाशी दोन मोटारी आणि एक स्कूटर उभी होती.

"गाड्या बघा केवढ्या. पालखी आत वळणार नाय," ते म्हणाले.

मोटारींच्या मधे वाट होती. मला स्पष्ट दिसत होती, आणि माझ्यात वाट आहे त्यापेक्षा लहानच दिसते. याहून अरुंद पाखाड्यांमधून, दगडी पायवाटांमधून, ही माणसे दरवर्षी पालखी नाचवत नेतात. स्कूटर रितेशची होती. त्याने खिशातून चावी काढली. रावजींनी त्याच्याकडे पाहिले. त्याने चावी परत खिशात टाकली.

एकाने येऊन चंपाच्या हातचे ताट घेतले आणि ओटी रस्त्यावरच देवाला पोहोचवली. तेव्हा चंपा मोठ्याने म्हणाली, "रावजीदा, मी इथूनच सांगते. तुम्ही तिथून गाऱ्हाणं घाला."

तिची नजर रावजींच्या ओठांवर होती. रावजींनी कमरेजवळ हात हलवला. ढोलवाल्यांनी ढोल उचलले.

तिला ढोल ऐकू आले नाहीत. ती बोलू लागली. सगळे नीट, पहिल्यापासून सांगितले. बांबू लावला आणि मागे घेतला तेही सांगितले. तिचा आवाज माझ्यापर्यंत कसाबसा येत होता, रस्त्यावर तर जातच नव्हता. बोलून झाल्यावर ती थांबली आणि त्या ओठांकडे पाहत राहिली. ओठ हलले नाहीत. पालखी नाचत पुढे गेली.

ती अजून पायरीशीच उभी होती. "घातलं काय गाऱ्हाणं?" तिने भाच्याला विचारले. तो तिच्याकडे तोंड करून, सावकाश, तिला ओठ वाचता येतील असे म्हणाला, "व्हय."

मित्रांनो, मी आरसा आहे, मला उपदेश शोभत नाही. पण रस्त्यात कुठे माझ्यासारखा एखादा धुळीने भरलेला दिसला, तर त्याच्यावर आधी पाणी मारा आणि मग पुसा. आणि झाकलेला दिसला, तर फडके काढा. ते कोणाचे आहे, हे नंतर विचारा.